लेन्सचा वारंगुळा

मार्गशीर्ष सरत आला तरी नांदेडात कुणाला त्याचं काही वाटत नाही. दुकानं उघडी असतात, रिक्षा धावतात, अमावास्या कॅलेंडरात येते आणि निघून जाते. मला मात्र आंबट वास यायला लागतो. आमच्या मेडिकलच्या काउंटरमागं, खोकल्याच्या औषधांच्या गोड वासातून, ताकात भिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा, ठेचलेल्या लसणाचा, ओल्या मडक्याचा वास कुठून येतो कोण जाणे. मग मी गोळ्या मोजता मोजता गिऱ्हाइकाला विचारते, "तुमच्याकडं येळवस करतात का हो?" माणूस लातूरकडचा निघाला तर त्याचा ताप तिथंच निम्मा उतरतो. "तर! परवाच्याला गावाकडं जायचंय," म्हणतो, आणि गोळ्या काउंटरवरच विसरून जातो.

माझं माहेर उदगीरजवळचं. वेळा अमावास्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, कारण तीही माणसांच्या मागोमाग रानात गेलेली असतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं, पूजा करायची आणि मग दिवसभर जेवायचं. भज्जी, उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या, आणि तांब्यावर तांब्या आंबील. लातूर शहरात त्या दिवशी रस्त्यांवर गाई निवांत बसलेल्या मी पाहिल्यात.

यंदाची येळवस तोंडावर आली आणि मी मागची आठवत बसले. मागच्या येळवशीला मी एका प्रश्नात पार अडकले होते. प्रश्न असा, की कॅमेऱ्याची कंपनी बदलावी की नाही?

हसू नका. माझा मलाच तेव्हा अचंबा वाटत होता. उभा जन्म माझा गिऱ्हाइकांशी वाद घालण्यात गेला. "ताई, तीच कंपनी द्या, ह्या कंपनीचा गुण येत न्हाई." मी सांगायची, काका, आतलं औषध तेच आहे, वेष्टण तेवढं वेगळं. काका मान डोलवायचे आणि समोरच्या दुकानातून तीच कंपनी घेऊन यायचे. त्यांना मी मनात अडाणी म्हणायची. आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला तेव्हा मीच "तीच कंपनी, तीच कंपनी" करत बसले. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कंपन्यांची नावं मी घेणार नाही. नावं घेतली की फोटोवाल्यांत भांडणं लागतात, आणि ती सोयरिकीतल्या मानपानापेक्षा वाईट असतात. मी आपली त्यांना माहेरची कंपनी आणि सासरची कंपनी म्हणते. माहेरचा कॅमेरा मी वीसेक वर्षं वापरला. त्याची कळ दाबली की आतला आरसा खटाक्‌ करून उठतो, सगळ्या रानाला कळतं की फोटो निघाला. सासरचा बिनआरशाचा, हलका, मुका. आणि तो पाखराचा डोळा आपला आपण शोधतो.

सगळा घोळ त्या डोळ्यानं केला. म्हणजे पाखराच्या नव्हे, माझ्या. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूनं बस्तान मांडलंय. डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवात आहे, काढायची घाई नको, बघू पुढं. मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पिकू दे, मग काढ." ती तुरीबद्दल बोलतेय की डोळ्याबद्दल, ते मला क्षणभर कळलंच नाही. पण मी कॅमेऱ्याला लावते तो उजवाच डोळा. डावा लावायला गेलं की नाक मधे येतं आणि पाखरू निघून जातं.

थंडीत मी पहाटेच्या उजेडात स्कूटीवर विष्णुपुरीला जाते. धरणाच्या फुगवट्याला कांड्या करकोचे उतरतात. राखाडी अंग, काळा गळा, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा तुरा, आणि डोळा लालभडक. ते उतरायच्या आधी आवाज येतो, आभाळात कुणीतरी घोगऱ्या गळ्यानं गप्पा मारत चालल्यासारखा. कुठून कुठून डोंगर ओलांडून येतात आणि आमच्या हरभऱ्याच्या रानात बिनदिक्कत चरतात. इतक्या लांब येऊन ह्यांना हरभराच का आवडावा, हे मला अजून कळलेलं नाही. आमचे हे म्हणतात, "पाखरं काय पळून चालली का? चहा तरी पिऊन जा." पळूनच तर जातात! दरवर्षी मी त्यांच्या उड्डाणाचे फोटो काढायची, आणि घरी येऊन मोठे करून पाहिले की पंख स्वच्छ, पाय स्वच्छ, डोळा मात्र धुरकट. आधी वाटायचं हात हलला. मग कळलं, हात नाही, नजर हलली.

तेव्हा कंपनी बदलायची, इतकं ते सोपं होतं. माहेरच्या कंपनीनंही तसला कॅमेरा काढलाय, पण तो माझ्या ऐपतीच्या वरचा आणि मनगटाला जड. सासरचा परवडत होता. अडचण एकच होती, आणि तिचं नाव प्रज्ञा.

प्रज्ञा उदगीरकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. लातूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. ती नर्सिंगला, मी फार्मसीला. फोटोचं वेड तिला आधी लागलं, तिच्यामुळं मला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, त्यातला प्रकार. मात्र आमच्या नजरा उलट्या. मला लांबचं हवं असतं, तिला अगदी जवळचं. करडईच्या काटेरी बोंडावरची मुंगी, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची मिटलेली मूठ, पाटीवरचा खडूचा कण. एका फोटोसाठी ती तास तास ओणवी बसते आणि मग कंबर धरून शिव्या देते.

लांबची लेन्स माझी, जवळची तिची, आणि कंपनी दोघींची एकच. म्हणून आमचा वारंगुळा चालायचा. आमच्या भागाबाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसेल. ज्याच्या दावणीला एकच बैल असतो, त्याच्या एका बैलानं नांगर चालत नाही. मग तो आपल्यासारखाच एक बैलवाला गाठतो. दोघांचे मिळून जोडी होते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. हा झाला वारंगुळा. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, शेजारच्या शिवाप्पांशी वर्षानुवर्षं होता. कागद नाही, करार नाही, फक्त सकाळी बांधावरून हाक. आम्ही दोघी तेच करायचो. थंडीत लांबची माझ्याकडं, उन्हाळ्यात तिच्याकडं, कारण तिला उदगीरच्या किल्ल्यावरच्या पोपटांचा नाद. पावसाळ्यात जवळची माझ्याकडं, किड्यांसाठी. ने-आण करायला मायनं दुपट्याएवढी एक वाकळ शिवून दिली होती. लेन्स तिच्यात गुंडाळायची, पिशवीत घालायची आणि एसटी धरायची.

कुरिअर काय नांदेडला नाही? आमचे हे कैकदा म्हणाले, "पाठवून दे की." मी म्हणायची, "फुटली म्हणजे? काचेची वस्तू आहे." प्रज्ञाही तिच्या घरी हेच सांगायची. लेन्स काचेची आहे म्हणून आम्ही वर्षातून चार वेळा भेटायचो.

आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला की पहिला प्रश्न असतो, "काय काम काढलं?" त्यात वाईट काही नाही, विचारायची पद्धतच आहे. पुरुषाला त्याचं उत्तर द्यावं लागत नाही. "काही न्हाई, आलो सहज," म्हणतो आणि पाय पसरून बसतो. बाईला काम असावं लागतं. लग्न, बारसं, दवाखाना, लेकीचं बाळंतपण. प्रज्ञा काय, मी काय, दोघी कमावत्या, दोघींना कुणी अडवलेलंही नाही, पण "मैत्रिणीला भेटायला चालले" असं नुसतं म्हणायला आमची जीभ वळायची नाही. "लेन्स द्यायची आहे" म्हटलं की सगळं कसं सरळ व्हायचं. ती दुकानात यायची, काउंटरच्या पलीकडं उभी राहायची, पिशवी फळीवर ठेवायची. आमचे हे विचारायचे, "काय काम काढलं, ताई?" ती म्हणायची, "लेन्स आणली, दाजी." मग गिऱ्हाइकं सांभाळत आम्ही परतीच्या गाडीपर्यंत उभ्या उभ्या बोलून घ्यायचो. कंपनी बदलली तर लेन्स बसणार नव्हती. आणि लेन्स बसली नाही तर प्रज्ञानं यायचं कशाला, असा साधा हिशेब होता, आणि त्यानं माझ्या जिवाला घोर लावला होता.

मागच्या येळवशीला मी सासरचा कॅमेरा भाड्यानं घेतला आणि माहेरी गेले. म्हटलं, आधी नांदून तर बघू. पहिल्याच दिवशी फजिती. ह्या दोन कंपन्यांचं सगळं एकमेकींच्या उलट. लेन्स बसवायला एकीत इकडं फिरवायची तर दुसरीत तिकडं. लांबचं जवळ आणायचं कडंही उलटंच फिरतं. बांधावरच्या झाडावर एक तांबट पक्षी येऊन बसला, मी कडं फिरवलं, आणि तांबट जवळ येण्याऐवजी लांब गेला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. माझ्या मनगटातला पीळ वीस वर्षांचा. मला माझ्या लग्नानंतरचे दिवस आठवले. माहेरी भाजीत चिंच, सासरी आमसूल, आणि माझा हात आपला चिंचेच्या बरणीकडं. तो कधी वळला ते मला आठवत नाही. म्हणजे वळतो. हात कसा आणि कधी वळतो, ह्याचंच मला कुतूहल वाटत राहिलं.

मग दुसरी गंमत. कोपीसमोर मायचा फोटो घ्यायचा होता. ती पदर सारखा करून, मान ताठ करून, श्वास रोखून उभी राहिली. मी चार-पाच फोटो काढले. माय हलेना. मी म्हटलं, झालं, माय. ती ओठ न हलवता पुटपुटली, "अजून वाजला न्हाई." सासरचा कॅमेरा वाजत नाही, हे तिला कसं सांगायचं? तिच्या लेखी खटाक्‌ म्हणजे फोटो. आवाज नाही तर फोटो नाही. शेवटी मी तोंडानंच "खटाक्‌" म्हटलं, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि हसली. त्या हसण्याचा फोटो तेवढा राहिला.

प्रज्ञा दुपारच्या पंगतीला आली. दरवर्षी येते. मायच्या हातची आंबील तिला लागतेच, आणि मायही तिच्यासाठी मडकं झाकून ठेवते. तिच्या गळ्यात तिचा कॅमेरा, त्याला माझी लांब लेन्स. थंडीत ती खरं तर माझ्याकडं असायची, पण भाड्याच्या कॅमेऱ्याला बसणार नव्हती, म्हणून आदल्या आठवड्यात मीच कारण न सांगता तिला दिली होती. माझ्या गळ्यातला परका कॅमेरा तिनं पाहिला. सिस्टर माणूस, पेशंट काही सांगायच्या आधी ओळखते.

"कुणाचा गं?"

"भाड्याचा. बघून राहिले जरा."

"बघू दे."

तिनं तो घेतला, आंब्यावरच्या होल्याकडं रोखला आणि एकदम "अगं बया!" म्हणाली. होल्याच्या डोळ्यावर चिमुकला चौकोन बसला होता. होला उडाला, चौकोनही त्याच्याबरोबर उडाला. तिनं कॅमेरा खाली घेतला नाही. साळुंकीचा डोळा शोधला, बैलाचा शोधला, मायचा शोधला, पांडवांच्या दगडांवर तर कितीतरी वेळ रोखून बसली. "ह्यांला डोळेच न्हाईत, बिचाऱ्या कॅमेऱ्यानं काय करावं?" म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग मी तिला माझ्या डोळ्याचं सांगितलं. तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, पापणी वर केली, बराच वेळ बघितलं.

"आन मला आत्ता सांगून राहिलीस व्हय?"

"लेन्स बसणार नाही गं तुझी माझ्याला. मधे बसवायचं कडं मिळतं, पण मग तो डोळा शोधायला वेळ लावतो. मग काय उपयोग?"

तिनं तांब्यातली आंबील संपवली. मग रानाकडं बघत म्हणाली, "बदल तू. डोळ्यापेक्षा काय मोठं हाय? पर मी तुझ्याकडं यायचं कशापायी, तेवढं सांग." तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरीचा प्रश्न होता.

उत्तर अण्णांकडं असेल असं मला वाटलं. ते कोपीला टेकून तिळाची पोळी चावत होते. मी विचारलं, "अण्णा, शिवाप्पांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा वारंगुळ्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? त्यानं बैल इकला. मग म्या बी इकला. एका बैलाचं काय करायचं?"

"आणि येणं-जाणं?"

अण्णा चावायचे थांबले. "बैल व्हता तवर रोज सकाळी बांधावर यायचा. आता फोन करतो. चांगला माणूस हाय. ट्रॅक्टर पाठवतो येळेवर." आणि पोळीचा उरलेला तुकडा त्यांनी हातातच धरून ठेवला.

ऊन कलल्यावर माझा भाऊ घोंगडी पांघरून, मडक्यातली आंबील डहाळीनं पिकावर शिंपत रानाभोवती निघाला. तोंडानं "ओलगे ओलगे, सालम पोलगे". आमच्या रानात असं म्हणतात, शिवाप्पांच्या रानात दुसरंच काही, पुढच्या शिवारात तिसरंच. कुणी सांगतं कानडी आहे, कुणी सांगतं नुसताच आवाज आहे. मी लहानपणापासून अर्थ विचारत आलेय आणि दरवेळी नवीन उत्तर मिळतं. प्रज्ञा म्हणाली, "अर्थ कशाला पाहिजे? वरडत गेलं की रान आपलं वाटतं." त्या वर्षी शिवाप्पांच्या बांधावरूनही त्यांची आरोळी आली, आणि अण्णांनी तिकडं मान वळवली. दोन्ही रानांत अंतर तर काहीच नव्हतं. तरी कुणी बांध ओलांडला नाही. दिवस मावळताना कडब्याचे पेटते हेंडगे, म्हणजे मशाली, शेताभोवती फिरले. मी आणि प्रज्ञानं त्यांचे फोटो काढले. तिचा कॅमेरा खटाक्‌ खटाक्‌ वाजत होता, माझ्या हातातला गप्प होता.

संक्रांतीनंतर मी सासरचा कॅमेरा घेतला. डोळ्यापुढं इलाज नव्हता. लांबची लेन्स प्रज्ञाकडंच होती, तिला म्हटलं, ठेव तुलाच, वाकळीसकट. ती "बरं" म्हणाली.

करकोचे परत जायच्या आधी मला त्यांचा डोळा मिळाला. सकाळचं ऊन, उचललेला पंख, तुरा, आणि मधोमध डाळिंबाच्या दाण्याइतका लख्ख लाल डोळा. मी धरणाच्या काठावर एकटीच ओरडले. फोटो फोनवर प्रज्ञाला पाठवला. तिनं उत्तरात अंगठा पाठवला. वीस वर्षं मी हा फोटो शोधत होते, आणि तो मिळाला त्या दिवशी मला नुसतं रिकामं वाटलं. होस्टेलातल्या खोलीत असते तर तिनं तो हिसकावून घेतला असता, नाकाला लावून पाहिला असता, आणि "पायाकडं जरा कापलास गं" म्हणाली असती.

उन्हाळा गेला. ती आली नाही, मीही गेले नाही. पावसाळ्यात किडे निघाले, त्यांची लेन्स तिच्याकडंच राहिली. फोन व्हायचे. ती विचारायची, "डोळा काय म्हणतो?" मी सांगायची, "पिकतोय." दोघी हसायचो आणि ठेवायचो. चांगली बाई आहे, वेळेवर फोन करते, असं एकदा माझ्या मनात आलं आणि अण्णांच्या हातातला तो पोळीचा तुकडा आठवला. यंदा येळवशीला आपणच आधी उदगीरला जावं, तिच्या दारात उभं राहावं, असं दहादा ठरवलं. आणि दहादा वाटलं, तिच्या घरच्यांनी विचारलं, काय काम काढलं, तर काय सांगायचं?

काल दुपारी दुकानात गर्दी होती. थंडीचे दिवस, सगळं गाव खोकतंय. मी एका आजींना समजावत होते, औषध तेच आहे, कंपनी वेगळी, गुण येईल. आजींच्या मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या आजी. हिनं सोता बदललीय."

प्रज्ञा उभी होती. अंगात स्वेटर, एसटीच्या धुळीनं केस पांढरे. खांद्याला पिशवी नव्हती, गळ्यात कॅमेरा नव्हता, हातात वाकळ नव्हती. मी ती कुठं दिसते का म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं.

आमच्या ह्यांनी सवयीनं विचारलं, "या ताई. काय काम काढलं?"

"काम कायबी न्हाई, दाजी," ती म्हणाली. "लेन्स हिच्या कॅमेऱ्याला बसत न्हाई. म्हनलं, आपणच जावं जरा बसायला."

मी काउंटरची फळी उचलली आणि तिला आत घेतलं.